नागपूर, नाशिक की रत्नागिरी: घर निवडताना कोणता उकाडा मोजावा?

प्रश्न : स. न. वि. वि. माझे यजमान येत्या मार्चअखेर केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होत असून दिल्लीतले सरकारी क्वार्टर सोडून आम्हाला महाराष्ट्रात परतायचे आहे. सोबत ८२ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि मला स्वतःला दम्याचा त्रास आहे. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत : नागपूरला यजमानांच्या वाट्याला आलेला मोकळा प्लॉट, नाशिकला आम्ही पाहून ठेवलेला सातव्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट (त्याच्या बेडरूमला पश्चिमेकडे मोठ्या काचा असून तिथून सूर्यास्त फार सुरेख दिसतो), आणि रत्नागिरीजवळचे माझ्या माहेरचे कौलारू घर, जे भावाने आम्हाला वापरायला देऊ केले आहे. दिल्लीत उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात हीटर, असे वर्षातले आठ महिने यंत्रांच्या भरवशावर काढले. आता पेन्शनमध्ये तो खर्च नको आहे. रत्नागिरीचा पारा मे महिन्यातही ३३ च्या आसपास असतो, तेव्हा तिथे एसीची गरजच नाही, असे यजमान म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आम्ही कुठे राहावे?
— एक वाचक, नवी दिल्ली

उत्तर : आपल्या यजमानांनी पाहिलेला आकडा खरा आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र टिकणारा नाही. भारतीय हवामान खातेसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना सगळ्या गावांना एकच माप लावत नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर जाऊन ते सरासरीहून साडेचार अंशांनी अधिक असावे लागते, तर किनारपट्टीवर हीच अट ३७ अंशांपासून लागू होते. समुद्रकाठच्या ३७ अंशांत शरीराचे जे हाल होतात ते कोरड्या मुलखातल्या ३७ अंशांत होत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण आहे. त्यामुळे आपण तीन गावांच्या कमाल तापमानांची तुलना करणे सोडून, त्या त्या गावातली हवा किती दमट आहे, रात्री पारा किती उतरतो आणि आपल्या वाट्याला येणारे घर दिवसभराची उष्णता कुठून आत घेते, या तीन गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवीन.

दमटपणापासून सुरुवात करतो, कारण एसी लागणार की कूलरवर भागणार हे त्यावरच ठरते. मातीच्या माठातले पाणी नागपूरला मे महिन्यात गार लागते आणि रत्नागिरीला जेमतेम कोमट, कारण माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी हवेत उडून जायला हवेत जागा असावी लागते. आपला घाम आणि डेझर्ट कूलर हे दोन्ही त्याच नियमाने चालतात. नागपूरला भर दुपारी ४४ अंश तापमान आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या जाडीच्या, नीट भिजलेल्या पॅडचा कूलर २७-२८ अंशांची हवा आत फेकू शकतो. रत्नागिरीला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर फार तर तीन-चार अंश उतरवील, आणि तेही आधीच चिकचिकीत असलेल्या खोलीत आणखी वाफ भरून. म्हणजे नागपूरच्या ४४ अंशांवर दोनशे वॅटचे यंत्र उतारा होऊ शकते, पण रत्नागिरीच्या ३३ अंशांवर पंखा पुरेनासा झाला की त्यापुढचा पर्याय थेट एसीच असतो.

आता रात्री. सासूबाईंच्या वयात दिवसाच्या उन्हापेक्षा न उतरणारी रात्र अधिक घातक असते, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला तेवढाच वेळ मिळतो. मे महिन्यात नाशिकचे किमान तापमान साधारण २२-२३ अंशांपर्यंत खाली येते, रत्नागिरीचे २६ च्या आसपास अडकून राहते आणि नागपूरचे २८ च्या घरात असते, लाटेच्या दिवसांत तर तिथे पहाटेही तीस अंश असू शकतात. समुद्रसपाटीपासून नाशिक सुमारे पावणेसहाशे मीटर उंच आहे आणि नागपूर सुमारे तीनशे. उंचीचा हा फरक कागदावर लहान वाटला, तरी कोरडी हवा आणि पश्चिमेकडून येणारा संध्याकाळचा वारा यांच्या जोडीने तो नाशिकच्या रात्री झोपण्याजोग्या करतो. दिवसा खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री नऊनंतर सगळे उघडे, ही जुनी पद्धत जिथे दिवस-रात्रीत पंधरा अंशांचा फरक पडतो तिथेच उपयोगी पडते. रत्नागिरीला हा फरक सहा-सात अंशांचा असतो, त्यामुळे तिथे खिडकी उघडून वारा मिळतो, गारवा मिळत नाही.

माहेरच्या घराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दलचा आपला जिव्हाळा मला पत्रातून जाणवला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे-मागे पडवी आणि मधले काळोखे माजघर ही रचना कोकणच्या हवेसाठी अत्यंत विचारपूर्वक घडलेली आहे. तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते, पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नाही आणि वारा घरातून आरपार वाहतो. परंतु ज्या फटींमुळे हे घर पंख्याखाली राहण्याजोगे होते, त्याच फटींमुळे ते एसीने थंड करता येत नाही. आपल्याला एसी लावायचाच झाला, तर एक खोली निवडून तिला खालून बंदिस्त सीलिंग करावे लागेल, त्यावर उष्णतारोधक थर द्यावा लागेल आणि दारे-खिडक्यांच्या झडपा नीट बसवाव्या लागतील. चिरा सच्छिद्र असल्यामुळे तो पावसाळ्यात ओल धरतो, म्हणून आतून गिलावा नसेल तर एसी त्या भिंतीतली ओल उपसण्यातच निम्मी वीज घालवील. शिवाय कोकणात गरजेपेक्षा मोठा एसी घेण्याची चूक अनेक जण करतात. दीड टनाचा एसी लहान खोली झटपट गार करून थांबतो, पण हवेतले पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि मग खोली थंडगार पण ओलसर राहते. दहा बाय बाराच्या खोलीला नीट बंदिस्त केल्यावर एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो आणि तो जास्त वेळ मंद चालत असल्याने हवा कोरडीही करतो. घर खाडी किंवा समुद्राच्या अगदी जवळ असेल, तर खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची कॉइल खराब होते, हेही दुरुस्तीच्या खर्चात धरावे.

एवढे करूनही प्रश्न उन्हाळ्यापुरता राहत नाही. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वर असते. कपाटातल्या रेशमी साड्यांवर, चपलांच्या आतल्या बाजूला, पलंगाच्या भिंतीकडच्या पाटीवर उठणारी पांढुरकी बुरशी आपण लहानपणी पाहिली असेलच. पूर्वी मागल्या पडवीतली चूल दिवसभर धगधगत असे आणि तिच्या उबेने व धुराने घर आपोआप वाळत असे. गॅस आल्यावर डोळे वाचले, पण ती कोरडी ऊब गेली. दमा असलेल्या माणसाने अशा घरात चार महिने सलग राहायचे, तर झोपण्याच्या खोलीत हवेतला ओलावा शोषणारे यंत्र ठेवावे लागते आणि ते तीनशे-चारशे वॅटचे यंत्र दिवसातून आठ-दहा तास चालवावे लागते. याबाबत आपल्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा महत्त्वाचे आहे, ते आधी घ्यावे. आणखी एक गोष्ट विसरू नये : जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर त्याच जिल्ह्यातल्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या घरातले आरोग्य विजेच्या यंत्रावर बेतलेले आहे, त्या घराला इन्व्हर्टर-बॅटरीचा खर्चही लागतो, आणि कितीही मोठी बॅटरी घेतली तरी ती आठवडाभराच्या अंधाराला पुरत नाही. यजमान म्हणतात तसा ३३ चा आकडासुद्धा बारा महिन्यांचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून वारे वाहू लागले आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत आत आला नाही, की कोकणात पारा ३८-३९ पर्यंत सहज चढतो.

नागपूरबद्दल लोक जेवढे घाबरवतात तेवढे घाबरण्याचे कारण नाही, पण आपल्या घरातली माणसे पाहता मी तिथे जायला सांगणार नाही. मोकळ्या प्लॉटचा एक फार मोठा फायदा आहे. फ्लॅट घेताना आपण दुसऱ्या कोणी घेतलेले निर्णय विकत घेतो, तर प्लॉटवर घराच्या लांब भिंतींची तोंडे उत्तर आणि दक्षिणेकडे ठेवणे, पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम आणि कोठीची खोली टाकणे, खिडक्यांवर खोल छज्जे घेणे, स्लॅबवर उष्णतारोधक थर देऊन वर पांढरा चायना मोझॅक (फरशीचे चकचकीत तुकडे) बसवणे, हे सगळे आपल्या हातात राहते. असे घर आणि दोन चांगले कूलर यांच्या जोरावर नागपूरचे एप्रिल आणि मे बहुतांशी निभतात. अडचण आहे ती जूनमध्ये. मान्सूनपूर्व ढग जमू लागले की आर्द्रता चढते, पारा मात्र ४० च्या आसपासच असतो, आणि कूलर हळूहळू निकामी होत जातो. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी एसी लागतोच. भर उन्हाळ्यात एक मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, तेव्हा पाण्याची सोय पाहिल्याशिवाय त्याला स्वस्त म्हणू नये. आपल्या दम्याच्या दृष्टीने पॅडची निगाही महत्त्वाची आहे : वाळा असो, वुडवूल असो की हनीकॉम्ब, सतत ओल्या राहणाऱ्या पॅडमध्ये आणि टाकीत साचलेल्या पाण्यात बुरशी धरते व तीच हवा रात्रभर आपल्या नाकाशी येते. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासणे आणि पॅड हंगामागणिक बदलणे हे तिथे चुकवता येत नाही. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंशांपर्यंत मजल मारली होती. अशा दिवशी दुपारी वीज गेली, तर ८२ वर्षांच्या बाईला घेऊन कुठे जायचे, याचे उत्तर मला सापडत नाही.

राहिले नाशिक. गाव म्हणून माझा कौल नाशिकला आहे, मात्र आपण पसंत केलेल्या फ्लॅटला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याचे कारण सूर्याच्या मार्गात आहे. महाराष्ट्रात मे ते जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. नाशिकला साधारण २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, नागपूरला २६ मेच्या आसपास, म्हणजे विदर्भातली माणसे मेअखेरच्या ज्या नऊ कडक दिवसांना नवतपा म्हणतात त्यांच्या अगदी तोंडाशी. सूर्य डोक्यावर असताना दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. ते पडते छतावर, आणि सकाळी-संध्याकाळी सूर्य तिरपा असताना पूर्व-पश्चिम भिंतींवर. या दोन्हींत पश्चिमेची भिंत वाईट, कारण तिच्यावर ऊन येते तेव्हा बाहेरची हवाही दिवसातली सर्वांत तापलेली असते. आपल्या फ्लॅटला उघडे छत आहे, पश्चिमेची भिंत आहे, आणि त्या भिंतीत काच आहे. नाशिकच्या हवेने दिलेली सवलत हा फ्लॅट पुरतीच घालवून बसतो. काँक्रीटचा पाच इंची स्लॅब दुपारी दोन वाजता शोषलेली उष्णता चार तासांनी आत सोडू लागतो आणि विटांची जाड भिंत त्याहून उशिरा. त्यामुळे बाहेर मस्त वारा सुटलेला असताना अशा बेडरूममध्ये रात्री दहाला पंखा गरम हवाच फिरवत राहतो. सूर्यास्त सुरेख दिसतो हे मला मान्य आहे, पण तो पाहायला खाली बागेत जाता येते.

पुन्हा कधी फ्लॅट पाहायला जाल तेव्हा सकाळी अकराची वेळ घेऊ नका, जी बिल्डरची माणसे हमखास देतात. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास जा. पश्चिमेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवा, मग स्टुलावर चढून छताला हात लावा आणि नंतर त्याच खोलीतल्या आतल्या, उन्हाशी संबंध नसलेल्या भिंतीला लावा. दोन्हींतला फरक हाताला स्पष्ट कळला, तर तो फ्लॅट उन्हाळ्यात एसीशिवाय चालणार नाही असे समजावे. इमारत नवी असेल तर बिल्डरला छताबद्दल नेमका प्रश्न विचारता येतो. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेनुसार छतातून आत येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा अधिक नसावे. नुसत्या उघड्या स्लॅबचा हा आकडा त्याच्या जवळजवळ तिप्पट असतो. वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा केलेला ब्रिकबॅट कोबा थोडी मदत करतो, पण पुरेशी नाही. गच्ची सोसायटीची असल्यामुळे नंतर स्वखर्चाने थर टाकायचा म्हटले तरी सर्वसाधारण सभेची परवानगी लागते, आणि ती मिळवण्यात एखादा उन्हाळा निघून जाऊ शकतो. त्याच इमारतीत मधल्या मजल्यावर, मुख्य खिडक्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेला आणि पश्चिमेला दुसरा फ्लॅट अथवा जिना लागून असलेला फ्लॅट मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजूनही तो घ्यावा. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात त्रास देत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना दुपारचे ऊन खोलीच्या आतपर्यंत आणते, ज्याचा सासूबाईंच्या सांध्यांना उपयोगच होईल.

हिवाळ्याच्या खर्चाची फार चिंता करू नये. दिल्लीत आपण दोन हजार वॅटचा हीटर रोज चार तास लावत असाल, तर त्यातच आठ युनिटे जात असत. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या जवळपास दर थंडीत येतात. नाशिक शहरातही काही रात्री दहाच्या खाली जातात, परंतु दुपारी पुन्हा २७-२८ अंश होतात. त्यामुळे भिंती कधी गारठून जात नाहीत आणि जाड रजई, बंद खिडक्या व सासूबाईंच्या खोलीत पहाटे अर्धा तास हीटर एवढ्यावर काम भागते. खरी ऊब लागते ती आंघोळीच्या पाण्याला. वीस लिटरची बादली थंडीत तापवायला साधारण अर्धे युनिट लागते. तीन माणसांना दीड. नाशिकच्या निरभ्र हिवाळ्यात सौर बंबावर हे काम फुकट होते, इमारतीत तो आहे का आणि आपल्या मजल्यापर्यंत पाणी गरम पोहोचते का, एवढे विचारून घ्यावे.

बिलाच्या बाबतीत एक सवय मात्र बदलावी लागेल. दिल्लीत २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंत घरगुती बिल शून्य येते, महाराष्ट्रात तसे नाही. इथे पहिल्या १०० युनिटांनंतर दराचा टप्पा बदलतो आणि ३०० नंतर तो आणखी चढतो. एक इन्व्हर्टर एसी रात्रीचे आठ तास चालला, तर तासाला सरासरी एक युनिट धरून महिन्याला २४० युनिटे होतात, म्हणजे फ्रिज, पंखे आणि पाण्याचा पंप धरून आपण ३०० ची वेस ओलांडता. रत्नागिरीला ही परिस्थिती मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा आणि पुन्हा ऑक्टोबरात येईल, नाशिकच्या योग्य फ्लॅटमध्ये ती तीन-चार आठवड्यांपुरती राहील. एसी लावाल तेव्हा २४ अंशांवरच ठेवायचा हट्ट धरू नका. २६ वर ठेवून वर पंखा लावला की शरीराला तेवढेच सुख मिळते आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशोबाने प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. जुने पंखे दिल्लीहून आणू नका. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०-३५, आणि नाशिकला वर्षातले आठ महिने आपला सगळा भर पंख्यावरच राहणार आहे. छतावरील सौर विजेला प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण ते स्वतःचे छत असलेल्या नागपूरच्या घराला जितके सोयीचे, तितके फ्लॅटला नाही. फ्लॅटमध्ये तो निर्णय सोसायटीचा होतो.

निवृत्ती मार्चअखेर आहे, हे एका अर्थी बरे झाले. नाशिकला लगेच फ्लॅट विकत घेऊ नका. आपल्याला आवडलेल्या भागातच मधल्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्या आणि एप्रिल-मे तिथे एसीशिवाय काढून पाहा. सासूबाईंच्या खोलीत दीड-दोनशे रुपयांचे भिंतीवरचे तापमापक लावून रात्री दहा आणि पहाटे पाचचे आकडे वहीत लिहीत जा. रात्री दहाचा आकडा सलग आठवडाभर ३२ च्या वर राहिला तर ते घर सोडून दुसरे पाहा, गाव बदलण्याची गरज नाही. नागपूरचा प्लॉट इतक्यात विकू नका, निदान पहिला उन्हाळा नाशिकला काढेपर्यंत. भावाला मात्र आत्ताच कळवा की माहेरच्या घरी आपण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत राहायला याल. त्या दिवसांत कोकणात ना एसी लागतो ना हीटर. जाण्याच्या आठवडाभर आधी कोणाला तरी सांगून सगळी दारे-खिडक्या उघडून घर वाळवून घ्यावे आणि गाद्या अंगणात उन्हात टाकायला सांगाव्यात, म्हणजे पावसाळ्यातली बुरशी आपल्या श्वासात जाणार नाही.